डब्यावर जर्मेनियम, आत सिलिकॉन

"मॅडम, रीडिंग किती यायला पाहिजे?"

एकतीस वर्षं नोकरी केली आणि हा प्रश्न रोज ऐकला. मीटर समोर आहे, काटा समोर आहे, काटा नीट वाचता यावा म्हणून त्याच्यामागे आरशाची पट्टी आहे, आणि मुलगा मात्र माझ्या तोंडाकडे बघतोय. जणू वीज डायोडमधून जाण्याआधी माझी परवानगी घेते. सुरुवातीला मी प्रेमानं सांगायचे, "येईल ते लिही रे बाळा." पुढे सांगायचे, "डोळे दिलेत ना देवानं?" आमच्या घरात देवाचं फारसं चालत नाही, तरी म्हणायचे. शेवटच्या काही वर्षांत नुसतं मीटरकडे बोट दाखवायचे आणि चहाला निघून जायचे. चहा घेऊन परत यावं, तर मुलानं शेजारच्या वहीतून रीडिंग उतरवून घेतलेलं असायचं.

मी पुण्यातल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होते. कॉलेजचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर निवृत्तीनंतरही मेमो येईल, त्या लोकांचा भरवसा नाही. माझं शिक्षण डिप्लोमाचं. वडील खडकीला कारखान्यात होते. आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला आणि तेव्हापासून घरात एकच शिकवण: कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, तपासायचं आणि मग मानायचं. ही शिकवण घेऊन मी ज्या जागी नोकरीला लागले, तिथे तपासणं सोडून बाकी सगळं चालायचं.

आता डायोड म्हणजे काय, ते सांगते. हा दिवाळी अंक वाचणाऱ्यांत इंजिनिअरही असतील. त्यांनी हा भाग गाळू नये, त्यांनाच जास्त गरज आहे.

डायोड म्हणजे तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी काळी नळी. दोन्ही टोकांना तार, एका टोकाजवळ चंदेरी पट्टा. काम एकच. वीज एका दिशेनं जाऊ द्यायची, दुसऱ्या दिशेनं अडवायची. पुस्तकात याला वन-वे रस्ता म्हणतात. पुण्यात ही उपमा देऊ नये. मी एकदा दिली, तर मागून आवाज आला, "म्हणजे मॅडम, चौकात ट्रॅफिकवाला मामा नसला की उलटी पण जाते का?"

तर सिलिकॉनच्या स्फटिकात प्रत्येक अणूचे चार हात असतात आणि चारही शेजाऱ्यांच्या हातांत अडकलेले. मोकळं कुणी नाही, म्हणून शुद्ध सिलिकॉनमधून वीज जवळजवळ जात नाही. त्यात पाच हातांचा फॉस्फरस किंचित मिसळला की एकेक इलेक्ट्रॉन जास्तीचा उरतो आणि हिंडायला मोकळा होतो. हा एन प्रकार. तीन हातांचा बोरॉन मिसळला की एकेक इलेक्ट्रॉन कमी पडतो आणि तिथे जागा रिकामी राहते. हा पी प्रकार. "पण मॅडम, रिकामी जागा चालते कशी?" हा दरवर्षीचा प्रश्न. दवाखान्यातला बाक आठवा. पहिला पेशंट आत गेला की बाकीचे एकेक जागा पुढे सरकतात आणि रिकामी जागा मागे मागे जाते. चालतात माणसंच, पण बघणाऱ्याला जागा चाललेली दिसते.

हे दोन प्रकार एकाच स्फटिकात शेजारी शेजारी आले की सीमेवरचे इलेक्ट्रॉन पलीकडच्या रिकाम्या जागांत जाऊन बसतात. मग तिथे मोकळं कुणी उरत नाही, आणि मागे राहिलेल्या अणूंच्या विद्युतभाराचा एक अडसर तयार होतो. बॅटरीचं धन टोक पी-ला आणि ऋण टोक एन-ला जोडलं की हा अडसर कमी व्हायला लागतो. पण वीज लगेच सुरू होत नाही, आधी पुरेसा दाब द्यावा लागतो. जर्मेनियम नावाच्या दुसऱ्या पदार्थाचा डायोड असेल तर साधारण ०.३ व्होल्ट, सिलिकॉनचा असेल तर ०.६ ते ०.७. तोवर प्रवाहाचा काटा हलत नाही, आणि त्यानंतर असा पळतो की आवरत नाही. टोकं उलटी जोडली तर अडसर आणखी रुंद होतो आणि वीज थांबते. झाला डायोड. यातले ०.३ आणि ०.६ हे दोन आकडे तेवढे लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्यांच्यावरच आहे.

आवरत नाही म्हणाले ते खरंच आवरत नाही, म्हणून डायोडच्या अलीकडे एक रेझिस्टर लावायचा असतो. तो प्रवाहाला लगाम घालतो. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं: आधी रेझिस्टर. तरी दर बॅचला एक तरी महाभाग डायोड थेट सप्लायला जोडून बटण फिरवायचा. मग तो वास यायचा. तो एकदा नाकात बसला की आयुष्यभर ओळखता येतो. मी दारातूनच विचारायचे, "कुणाचा गेला?" उत्तर ठरलेलं, "मॅडम, सप्लाय खराब आहे."

घरी तरी सुख असावं. धायरीला आमच्या सोसायटीत एक सद्गृहस्थ होते. दर गुरुवारी वीज जायची म्हणून त्यांनी बॅटरीवरचा दिवा आणला. बॅटरी उलटी जोडली गेली तर आतलं सामान वाचावं म्हणून त्यात एक डायोड होता आणि त्याच्या अलीकडे फ्यूज. उलटी जोडली की सगळा प्रवाह डायोडमधून जाणार, फ्यूज उडणार, दिवा वाचणार. यांनी बॅटरी तीनदा उलटी जोडली. तीनदा फ्यूज उडाला. चौथ्यांदा त्यांनी फ्यूजच्या जागी तांब्याची तार बसवली आणि पुन्हा उलटीच जोडली. मग जळका दिवा घेऊन माझ्या दारात. "साळवे मॅडम, हे तुमचं इलेक्ट्रॉनिक्स काही टिकाऊ नाही हो." मी म्हणाले, "डायोड तीनदा ओरडला, आपण त्याचं तोंड बांधलंत." ते पुढे दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. तेवढीच शांतता मिळाली.

आता मूळ गोष्ट. दोन हजार साल उजाडायच्या आधीची ती वर्षं. सॉफ्टवेअर कंपन्या कॉलेजात येऊन मुलं घाऊक उचलत होत्या. प्रवेश इलेक्ट्रॉनिक्सला, पण जीव संगणकाच्या क्लासमध्ये. मुलं प्रयोगशाळेत यायची ती हजेरीपुरती, आणि ओळखायची मला नाही, वहीला. आम्ही वहीला जर्नल म्हणतो. प्रत्येक प्रयोगाची रीडिंगं आणि आलेख त्यात काढायचे, सरांची सही घ्यायची. सगळ्या सह्या झाल्या तरच टर्म मंजूर, आणि टर्म मंजूर तरच परीक्षा. त्यामुळे वरच्या वर्गाची जर्नलं खालच्या वर्गाकडे यायची. घराण्यातली पैठणी थोरलीकडून धाकटीकडे जावी, तसं. काही जर्नलांचा वंश तर माझ्या नोकरीएवढा जुना होता.

डायोडच्या प्रयोगाचे आठ डबे होते. वर मीटर, खाली जोडण्या, मधे पिवळ्या पट्टीवर छापलेलं "जर्मेनियम डायोड". आतला डायोड मुलांनी जाळला की मी नवा बसवायचे. एका वर्षी जळाले भरपूर आणि शिल्लक संपली. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाची कमिटी तपासणीला येणार. मी नारायण पेठेतल्या माझ्या नेहमीच्या दुकानात गेले. रेडिओचे सुटे भाग विकणारे म्हातारे गृहस्थ, पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "जर्मेनियम? बाई, वस्तुसंग्रहालय पलीकडे आहे. हे दुकान आहे." मग त्यांनी १एन४००७ ची पुडी पुढे सरकवली. ४००७ म्हणजे सिलिकॉनचा डायोड, घरातल्या टीव्हीपासून चार्जरपर्यंत सगळीकडे तोच.

मी सबनीस सरांना विचारलं. विभागप्रमुख तेच, आणि जर्नलं तपासायचेही तेच. "सर, जर्मेनियम मिळत नाही, सिलिकॉन लावू का?" सर कमिटीसाठी फायली लावत होते. म्हणाले, "लावा हो काहीतरी, डबे चालले म्हणजे झालं." एका दुपारी मी आठही डब्यांतले डायोड बदलले. नियमाप्रमाणे रजिस्टरला नोंद करून सरांची सही घ्यायची होती आणि पट्ट्याही बदलायच्या होत्या. कमिटी गेल्यावर करू म्हटलं. कमिटी गेली. मी केलं नाही.

त्या सत्रात मला वाटलं, आता गोंधळ उडेल. मुलांच्या जर्नलांत ०.३ येणार नाही, ०.६ येईल, सर विचारतील, मी सांगेन. साठ जर्नलं आली. साठांत ०.३. मी डबा घेऊन स्वतः मोजलं, ०.६ आलं. पुढच्या वर्षी साठ जर्नलं, ०.३. सबनीस सरांनी सगळ्यांवर सह्या केल्या. डायोड बदलला तरी वहीतला आकडा जागचा हलला नाही. मला आधी हसू आलं, मग संताप. आणि खरं सांगायचं तर जरा मजाही वाटायला लागली. पट्टी बदलायचं मी मुद्दामच टाळलं. म्हटलं, बघू तरी, कोण पहिला मोजतो. तीन वर्षं वाट बघितली.

मोजलं ते सारिकानं. मांजरी गावाच्या पुढच्या वस्तीवरची मुलगी. घरी ऊस आणि दोन म्हशी. बारावीला गणितात चांगले मार्क, पण वर्गात बोलायची नाही, कारण तोंड उघडलं की "हाय" आणि "व्हतं" यायचं आणि पोरं हसायची. तिला वरच्या वर्गातलं कुणी ओळखत नव्हतं, त्यामुळे वही मिळाली नाही. म्हणून तिनं प्रयोग केला. तिला ०.६ आलं आणि तिनं ते लिहिलं.

सबनीस सरांनी लाल पेनानं लिहिलं, "पुन्हा करा." तिनं पुन्हा केलं, पुन्हा ०.६. मग सरांनी तिला सर्वांसमोर सुनावलं. "डबा जर्मेनियमचा आहे. हे सिलिकॉनचं रीडिंग आहे. पुस्तकातून उतरवायचं तर निदान धडा तरी बरोबर उघडावा." सरांचं ज्ञान पक्कं होतं, हे कबूल करायला हवं. आकडा सिलिकॉनचा आहे हे त्यांनी बरोबर ओळखलं. फक्त साठ जणांच्या वर्गात ज्या एकीनं प्रयोग केला होता, तिलाच त्यांनी कॉपी केली म्हणून पकडलं.

मी तेव्हा शेजारच्या कपाटात वायरी लावत होते. सगळं ऐकलं. बोलले नाही. नोंद नव्हती, सही नव्हती, आणि तीन वर्षांचा प्रश्न होता.

सह्यांच्या शेवटच्या दिवशी सारिका माझ्याकडे आली. तिची टर्म अडली होती.

"मॅडम, तीन डब्यांवर करून बघितलं. पॉइंट सहाच येतंय. पॉइंट तीन येत नाय."

"मग पॉइंट तीन लिही आणि सही घे," मी म्हणाले.

"येत नाय तर लिहू कसं?"

"बाकीच्यांनी कसं लिहिलं?"

"त्यांनी केलंच नाय, मॅडम."

मी चिडले. "अगं, तुझी परीक्षा बुडेल. वर्ष जाईल. वर्ष गेलेल्या मुलांना कंपन्या मुलाखतीला बसवत नाहीत, माहिती आहे ना?"

"कंपनीचं लांब राहिलं. दादाचं एक वर्ष गेलं तर अप्पांनी त्याला कॉलेजातनं काढून ट्रॅक्टरवर बसवलं. माझं गेलं तर मला ट्रॅक्टर पण नाय."

ती हे रडून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. ती हिशेब सांगावा तसं बोलली. मी पुन्हा म्हणाले, "मग ऐक माझं. पॉइंट तीन लिही. एका आकड्यासाठी वर्ष घालवू नकोस." ती म्हणाली, "मॅडम, जरा स्क्रू ड्रायव्हर देता का?" मला वाटलं, जोडणी सैल झाली असेल. दिला आणि कपाटाकडे वळले.

दहा मिनिटांनी ती पाचव्या नंबरचा डबा घेऊन आली, मागचं झाकण काढलेला. "मॅडम, राग मानू नका. वर जर्मेनियम लिहिलंय, आत ४००७ हाय. डायोडवरच छापलंय. हा कुणी लावला?"

"मी."

तिनं डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मग तुम्हाला ठावं व्हतं," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. एक रीडिंग घेतल्यासारखं ती म्हणाली.

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तीन वर्षं मी टपून बसले होते की कुणीतरी मोजेल, आणि मोजणारी आली तेव्हा तिला मीच सांगत होते की खोटं लिही. तेही तिच्या भल्यासाठी, अशी स्वतःची समजूत घालून. आजोबांचा फोटो घरी भिंतीवर होता. त्या संध्याकाळी घरी जाऊन त्यांच्यासमोर कसं उभं राहायचं, हा प्रश्न मला खरंच पडला.

मी उघडा डबा उचलला आणि सरांच्या केबिनमध्ये गेले. सारिका दाराशी उभी राहिली.

"सर, हा डायोड जर्मेनियमचा नाही. सिलिकॉनचा आहे. आठही डब्यांत."

सरांनी चष्मा काढून डायोड बघितला. "केव्हापासून?"

"तीन वर्षं."

"आणि तीन वर्षं मी..."

"सह्या करताय," मी म्हणाले. एवढं बोलायची गरज नव्हती. पण इतकी वर्षं साठलेलं होतं.

सरांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "साळवे बाई, आपण हे आजच का सांगताय?"

"आज कुणीतरी मोजलं, सर."

त्यांनी हात पुढे केला. सारिकानं जर्नल दिलं. त्यांनी लाल शेऱ्यावर काट मारली, सही केली आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "रीडिंग बरोबर आहे." माणूस वाईट नव्हता. मी विचारलं, "आणि बाकीचे एकोणसाठ?" "त्यांची टर्म मंजूर झाली आहे," सर म्हणाले, आणि विषय संपला. ज्यांनी मोजलं नाही त्यांच्या जर्नलांना कुणी हात लावला नाही.

आठवड्यानं मला मेमो आला. पूर्वपरवानगीशिवाय प्रयोग-साहित्यात बदल केला, नोंद ठेवली नाही, खुलासा करावा. तोंडी परवानगी घेतली होती असं मी लिहिलं. सरांना ते आठवत नव्हतं. माझी त्या वर्षीची बढती राहिली. मी पिवळ्या पट्ट्या खरवडून काढल्या आणि आठही डब्यांवर स्वतःच्या हातानं "सिलिकॉन डायोड" लिहिलं. सारिका परीक्षेला बसली, पास झाली, तिसऱ्या वर्षाला गेली. मेमोचं मला तेवढं वाईट वाटलं नाही. बढती गेली तर गेली, पोरीचं एक वर्ष तर वाचलं, असं मी घरी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत असे.

पुढच्या वर्षी नव्या बॅचची जर्नलं जमा झाली. मी उत्सुकतेनं पहिलं उघडलं. ०.६. जीव सुखावला. दुसरं उघडलं, ०.६. मग तिसरं, चौथं. मग मी सगळीच घेऊन बसले. पाचव्या डब्याचा मीटर जुना होता आणि चार-पाच मिलिअँपिअरच्या मधे काटा अडकायचा, त्यामुळे त्या डब्यावर एक आकडा दोनदा यायचा. तो आकडा साठही जर्नलांत दोनदा आला होता. डबे आठ, मुलं साठ, आणि सगळ्यांचा काटा एकाच जागी अडकलेला. आणि गेल्या वर्षी त्या डब्यावर खरोखर मोजलं होतं ते एकट्या सारिकानं.

मी तशीच उठले. सारिका दुसऱ्या मजल्यावर वर्गाबाहेर भेटली. मी म्हणाले, "तुझं जर्नल कुणी पळवलं? नाव सांग, त्याला सोडत नाही."

"पळवलं नाय मॅडम," ती म्हणाली. "पोरं मागायला आली, मीच दिलं. म्हटलं, उतरवणार तर हायेतच. निदान बरोबर तरी उतरवतील."

तिला झापायला मी तोंड उघडलं. पण तिला उतरवायला सांगणारी पहिली मीच होते. मी खाली प्रयोगशाळेत आले. पुढच्या तासाची मुलं आली होती, आणि दारातच एकानं विचारलं, रीडिंग किती यायला पाहिजे.